सशाच्या आतून

सशाचं तोंड म्हणजे माझी खिडकी.
काळ्या जाळीतून दिसेल तेवढंच अंगण:
कडेला अजून न वितळलेला बर्फाचा मळका तुकडा,
त्याला झाकून डार्लाने उभी केलेली फुग्यांची कमान,
गुलाबी, पिस्ता, आणि एक रंग
ज्याचं नाव तिने तीनदा सांगितलं नि मी तीनदा विसरलो.

पोशाख भाड्याचा, दिवसाला नव्वद डॉलर,
कानांत आधीच्या कुणाचा तरी घाम.
"एमिलमामा, तुम्हीच काय ते उंच," भाची म्हणाली,
आणि एकतीस वर्षं शाळेची बस हाकलेला मी
शेपूट लावून उभा राहिलो.

अंडी बाराशे. प्लॅस्टिकची, भरूनच येतात:
गोळी, स्टिकर, रबरी डायनासोर.
सहा सोनेरी, त्यांत वीस-वीसची नोट.
मुलं नऊ.
मी हिशेब मांडला, मग सोडला.
सशाने हिशेब करू नये.

मॅडॉक्सची टोपली मॅडॉक्सहून उंच.
शेजारच्यांच्या टोपल्या बघून
परवा मध्यरात्री डार्लाने आणखी दोन मागवल्या.
"नाताळच झाला की हा," मेव्हणा पुटपुटला,
आणि ट्रॅम्पोलिनचे पाय जोडायला वाकला.

ल्युडमिलाने घरून सहा अंडी आणली होती,
कांद्याच्या सालीत उकळलेली, विटकरी.
फोटोवाल्याने वाटी हळूच बाजूला सरकवली.
रंग जुळत नव्हता.
"हसा!" तो म्हणाला.
मी आत हसलो. सवय.

बाबा खाणीतून आले की
दाढीच्या पात्याने अशाच अंड्यांवर कोंबडा कोरायचे.
कोंबडा ते म्हणायचे. आम्हाला बदक दिसायचं.
शनिवारी पाव, हॅम, मीठ,
बीट घातलेली नाकात जाणारी चटणी,
वर भरतकामाचा रुमाल,
अशा टोपल्या चर्चच्या तळघरात ओळीने मांडल्या जायच्या.
पाद्री पाणी शिंपडायचा,
आणि डोळे मिटलेल्या बाया
कुणाची टोपली केवढी ते बरोबर बघून घ्यायच्या.

हो, बघायच्या. खोटं कशाला बोलू?
माझ्याच आईने एका वर्षी, सहा हप्त्यांच्या उधारीवर,
दुकानाच्या काचेतला चॉकलेटचा ससा घरी आणला.
दोन फूट उंच, गळ्यात पिवळी फीत.
खायची कुणाची छाती?
रेडिओवर बसून राहिला तो जूनपर्यंत, पांढुरका पडत.
शेवटी ल्युडमिलाने कान मोडला
तेव्हा कळलं, आत नुसती हवा.
आम्ही हसलो. आई नाही.
दोन हप्ते बाकी होते.

आज सकाळी चर्चला कोण गेलं, मी विचारलं नाही.
मीही नव्हतो गेलो.
पोशाखाची काखेतली शिवण उसवली होती,
ती घालत बसलो.

शिट्टी वाजली. अंगण चार मिनिटांत साफ.
मग फरशीवर बसून फोडाफोड,
कवच इकडे, डायनासोर तिकडे,
नोटा आयांच्या पर्सेत.

धाकटी ऑडेट तेवढी माझ्याकडे आली.
जाळीला नाक लावून म्हणाली,
"आत कोण आहे?"
"एमिल."
तिला ते पटलं. हातातलं हिरवं अंडं पुढे केलं,
"हे उघडत नाही."

माझ्या पंजाला बोटं चारच, तीही कापसाची.
तिने धरलं, मी दाबलं,
मी धरलं, तिने दातांनी ओढलं,
कट् झालं.
रिकामं.
कारखान्यात कुणाच्या तरी नजरेतून निसटलेलं.

मी वाट बघत होतो, आता रडेल.
ती मात्र गवतात उकिडवी बसली
नि दोन्ही अर्धुकं हातात धरून
मुंगी शोधू लागली.

कमानीखालून डार्ला ओरडली, "ससा कुठे गेला? ससा!"
मी जरा आणखी खाली वाकलो.
मुंग्या अजून निघाल्या नव्हत्या बहुतेक,
जमीन गार होती.